हाताचा अंदाज आणि कागदाची तारीख

ब्रिटनमध्ये मांसासाठी पाळलेल्या गुरांचे आयुष्य बहुधा दोन किंवा तीन शेतांमध्ये विभागलेले असते. डोंगराळ, पावसाळी भागात मांसल जातीची गाय वासराला आठ-दहा महिने अंगावर पाजते. दूध तुटल्यानंतर ते वासरू अर्धवट वाढलेले जनावर म्हणून, ज्याला तेथील बोलीत 'स्टोअर' म्हणतात, बाजारात येते. आणि ज्याच्याकडे कुरण, मुरघास, बार्ली व पेंढा यांची पुरेशी बेगमी आहे असा सखल भागातील शेतकरी ते विकत घेऊन शेवटचे काही महिने पोसतो. या शेतकऱ्याला 'फिनिशर' आणि त्याच्या गोठ्यातून अखेरीस बाहेर पडणाऱ्या जनावराला 'फिनिश्ड' म्हणण्याचा प्रघात आहे. मराठीत या शब्दाला रुळलेला प्रतिशब्द नाही, आणि त्याचे कारणही उघड आहे: महाराष्ट्राच्या शेतीव्यवहारात बैल सांभाळला गेला तो नांगरासाठी आणि गाडीसाठी, आणि २०१५ पासून तर राज्यात गायीप्रमाणेच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आहे. म्हणून पुढील विवेचनात 'तयार जनावर' हा शब्द योजला आहे. ज्वारी तयार झाली असे शेतकरी म्हणतो तेव्हा काढणीला आलेल्या आणि फार दिवस उभ्या न राहू शकणाऱ्या पिकाचा जो अर्थ त्याच्या मनात असतो, तोच येथे अभिप्रेत आहे.

जनावराचे तयार होणे ही मुळात चरबीची गोष्ट आहे. वाढत्या वयात खाल्लेला चारा आधी हाडाकडे, मग स्नायूकडे आणि शेवटी चरबीकडे वळतो, आणि स्नायू पुरेसा भरून त्यावर चरबीचा पातळ, सलग थर आला की जनावर विक्रीला योग्य झाले असे मानतात. हा थर डोळ्याने नीट कळत नाही, कारण हिवाळी केसाळ कातडीखाली तो झाकलेला असतो. तो हातानेच पाहावा लागतो. अनुभवी फिनिशर जनावर खोड्यात उभे करून कमरेच्या आडव्या हाडांच्या टोकांवर अंगठा व बोटे दाबतो, बरगड्यांवरून तळवा फिरवतो आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना हाताला लागणारी मऊ गादी चाचपून पाहतो. हाडाची टोके टोचत असतील तर अजून महिनाभर खाद्य घालावे लागणार, ती जेमतेम जाणवत असतील तर गाडी बोलवायची वेळ झाली, आणि ती लागतच नसतील तर उशीर झाला, असा हा हिशेब असतो. योग्य अवस्था काही आठवडेच टिकते. त्यानंतर जनावर खातच राहते, पण त्या खाद्याचे मांस न होता चरबी होते, जिचे पैसे खाटीक देत नाही. उलट ती कापून टाकण्याचा खर्च म्हणून भावातून वजावट करतो. एका किलो मांसापेक्षा एक किलो चरबी चढवायला खाद्यही जास्त लागते, त्यामुळे हा तोटा दुहेरी असतो.

या धंद्याचा अनुभव समजून घेताना ही थोड्या आठवड्यांची खिडकी सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागते. शासनाचे नियम, खरेदीदाराच्या अटी आणि रोगनियंत्रणाची बंधने ही सर्व दिवसांच्या भाषेत लिहिलेली आहेत: सत्तावीस दिवस, सहा दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस, तीस महिने. जनावराचे शरीर मात्र असे कोणतेही दिवस मोजत नाही. ते हवामान, चारा आणि जात यांप्रमाणे आपल्या गतीने पिकते. फिनिशरच्या कामाचा खरा ताण या दोन कालगणना एका दिवशी जुळवून आणण्यात आहे, आणि ज्या मनुष्याला बाहेरून केवळ 'कागदपत्रांनी त्रासलेला' समजले जाते, त्याचे दुखणे प्रत्यक्षात कागद भरण्यापेक्षा या न जुळणाऱ्या तारखांचे असते.

यांतील सर्वांत वजनदार आकडा तीस महिन्यांचा आहे आणि त्यामागे आधुनिक ब्रिटिश शेतीतील सर्वांत दुःखद प्रकरण आहे. गुरांच्या मेंदूला सच्छिद्र करून टाकणारा 'बीएसई' हा रोग तेथे १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांसा-हाडांची भुकटी पुन्हा गुरांच्याच खाद्यात मिसळण्याच्या पद्धतीतून तो फैलावला, आणि १९८८ च्या जुलैमध्ये रवंथ करणाऱ्या प्राण्यांना असे खाद्य घालण्यावर बंदी आली तरी पुढील वर्षांत ब्रिटनमध्ये मिळून १,८०,००० हून अधिक जनावरांमध्ये तो आढळला. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डोरेल यांनी संसदेत सांगितले की, माणसांमध्ये आढळलेल्या एका नव्या, प्राणघातक मेंदूरोगाच्या दहा रुग्णांचा संबंध या रोगाशी असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. आठवडाभरात युरोपीय संघाने ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर बंदी घातली. रोग वयस्क जनावरांतच प्रकट होत असल्याने तीस महिन्यांहून मोठ्या जनावराचे मांस माणसांच्या खाण्यासाठी विकण्यास मनाई झाली आणि अशी जनावरे भरपाई देऊन नष्ट करण्याची योजना सुरू झाली.

त्या वेळी बहुतेक जनावरांच्या जन्माची विश्वसनीय नोंद कोठेच नव्हती, म्हणून वय ठरवण्यासाठी दात पाहिले जात. समोरच्या दोनांहून अधिक पक्क्या दातांनी हिरडी फोडली असेल तर जनावर मर्यादेपलीकडचे धरले जाई. मराठी वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही, कारण आदत, दुसा, चौसा, जुळलेला ही बैलाच्या वयाची परिभाषा दातांवरच उभी आहे. फरक इतकाच की येथे बाजारात दुसा आणि चौसा यांच्यात किमतीचे अंतर पडते, तर तेथे तिसऱ्या दाताने जनावर माणसाच्या अन्नातूनच बाद होत असे. काही जनावरांना दात लवकर येतात. अशा जनावराचा मालक त्याचे खरे वय जाणत असूनही ते सिद्ध करू शकत नव्हता, आणि जन्मतारखेच्या कागदाची गरज शेतकऱ्यांना स्वतःलाही पटली ती या प्रसंगातून.

१ जुलै १९९६ नंतर जन्मलेल्या प्रत्येक वासराला पासपोर्ट आवश्यक झाला आणि सप्टेंबर १९९८ मध्ये कंब्रिया परगण्यातील वर्किंग्टन या गावी गुरांच्या हालचालींची मध्यवर्ती नोंद ठेवणारी सेवा सुरू झाली. पासपोर्ट हा शब्द येथे शब्दशः घ्यावा लागतो. त्यावर जनावराचा कानातील बिल्ल्याचा क्रमांक, जात, लिंग, जन्मतारीख, आईचा क्रमांक आणि ते आजवर राहिलेल्या प्रत्येक शेताची नोंद असते, आणि तो सोबत नसेल तर जनावराला पुढे जाता येत नाही. दोन्ही कानांत एकाच क्रमांकाचे बिल्ले असतात. देशाच्या अक्षरांनंतर कळपाचे सहा अंक, पडताळणीचा एक अंक आणि जनावराचे पाच अंक मिळून तो क्रमांक बारा अंकी होतो. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय खात्याकडून गायी-म्हशींच्या कानात मारला जाणारा पिवळा बिल्लाही बारा अंकीच आहे, त्यामुळे आपल्या गोठ्यात ही व्यवस्था नुकतीच अनुभवू लागलेल्या वाचकाला तिच्या पुढच्या पायऱ्यांची कल्पना यावरून करता येईल.

मांसल जातीच्या वासराला वीस दिवसांत बिल्ले मारावे लागतात आणि जन्मापासून सत्तावीस दिवसांत पासपोर्टचा अर्ज पोचावा लागतो. हा नियम वाचायला सोपा वाटतो. परंतु डोंगरउतारावर मोकळी चरणारी, नुकतीच व्यालेली गाय वासराजवळ माणसाला येऊ देत नाही, वासराचे कान धरायला दोन माणसे लागतात, आणि वासरे येण्याचा काळ हाच पेरणीचाही काळ असतो. अर्ज मुदतीनंतर गेला तर सामान्यतः पासपोर्ट नाकारला जातो आणि केवळ नोंदणीची सूचना मिळते, जिचा अर्थ असा की ते जनावर त्या शेताबाहेर जाऊ शकत नाही आणि अन्नसाखळीतही येऊ शकत नाही. निरोगी, सुबक, पुढे उत्तम भरू शकेल असे जनावर एका आठवड्याच्या विलंबाने जन्मभरासाठी निर्मूल्य होते. या शिक्षेचे प्रमाण चुकीशी जुळत नाही, असे येथे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. कारण उशिरा आलेल्या अर्जाची सत्यता पडताळणे आता माय-वासराच्या रक्तचाचणीने शक्य आहे, आणि ज्या भीतीपोटी ही कठोरता आली ती भीती वासराच्या वयाबद्दल होती, अर्जाच्या टपालाबद्दल नव्हती.

फिनिशर ही चूक स्वतः क्वचितच करतो, पण इतरांनी केलेल्या चुका त्याच्या दारात येऊन थांबतात, कारण जनावराच्या प्रवासातील शेवटचा मालक तोच असतो. विकत घेतलेल्या तीस स्टोअर जनावरांपैकी एखाद्याच्या पासपोर्टवर नर म्हणून नोंद असते आणि प्रत्यक्षात ती कालवड असते, किंवा बिल्ल्यावरील एक अंक कागदावरील अंकाशी जुळत नाही, आणि ही विसंगती कत्तलखान्याच्या दारात उघड झाली तर गाडीतील इतर जनावरे पुढे जातात व हे एकटे अडकून पडते. म्हणून सावध फिनिशर विकत आणलेला लॉट उतरवतानाच प्रत्येक कान वाचतो. जनावर आल्याची नोंद स्वतःच्या गोठावहीत छत्तीस तासांत आणि मध्यवर्ती सेवेकडे तीन दिवसांत करावी लागते, ही वही दहा वर्षे जपावी लागते, आणि कुंपणात किंवा गव्हाणीच्या सळ्यांत अडकून तुटलेला बिल्ला लक्षात आल्यापासून अठ्ठावीस दिवसांत त्याच क्रमांकाचा नवा बसवावा लागतो. नव्या बिल्ल्यासाठी पाचशे-सहाशे किलोचे जनावर पुन्हा खोड्यात घ्यावे लागते, आणि या कामात बोटे चिरडणे, बरगडी मोडणे या गोष्टी दुर्मीळ नाहीत. कागदी काम या शब्दात शारीरिक धोक्याचा हा भाग कधी दिसत नाही.

विक्रीचे मार्ग दोन आहेत आणि त्यांचा स्वभाव एकमेकांपासून फार वेगळा आहे. पहिला जिवंत जनावराचा, गावच्या बाजारातील लिलावाचा. जनावर वजनकाट्यावरून गोल रिंगणात येते, वजनाचा आकडा वर उजळतो, आणि खाटीक व व्यापारी प्रतिकिलो पेन्सची बोली बोलतात. बोली उघड असते. आपल्याकडील गुरांच्या बाजारात हेडी आणि शेतकरी उपरण्याखाली बोटे धरून जो भाव ठरवतात, त्या गुप्ततेच्या नेमका उलट हा प्रकार आहे. तरी व्यवहाराला हाताचा स्पर्श येथेही उरला आहे. सौदा झाल्यानंतर विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातात थोडी रक्कम परत ठेवण्याची 'लक मनी' ही जुनी रीत अनेक बाजारांत टिकून आहे. विसार घेणाऱ्याकडून येतो, हा शकुनाचा पैसा मात्र विकणाऱ्याकडून जातो, आणि पुढच्या वेळी त्याच खाटकाने पुन्हा बोली लावावी हा त्यामागील भाव असतो. या मार्गात शेतकऱ्याला भाव जागच्या जागी कळतो. पण बाजार जर केवळ कत्तलीच्या जनावरांचा असेल तर तेथे आणलेले जनावर भाव न पटल्यास घरी परत नेता येत नाही, आणि नकार देण्याची ही मुभा गेली की लिलावातील विक्रेत्याचा अर्धा जोर जातो.

दुसरा मार्ग थेट कत्तलखान्याचा, जेथे सोललेल्या धडाच्या वजनावर आणि प्रतीवर पैसे मिळतात. जिवंत वजनाच्या साधारण निम्म्याहून थोडे अधिक धडाचे वजन भरते; ६४० किलोच्या चांगल्या जनावराचे पंचावन्न टक्क्यांनी ३५२ किलो. प्रत ठरते ती युरोपात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एका कोष्टकावर, ज्यात ई, यू, आर, ओ, पी ही अक्षरे धडाचा भरीवपणा दाखवतात आणि १ ते ५ हे अंक चरबी दाखवतात. ब्रिटनमध्ये चरबीच्या चौथ्या आणि पाचव्या वर्गाचे हलका व जड असे आणखी दोन भाग पाडले जातात, आणि 'आर चार हलका' हा दर्जा भावाचा मानदंड धरून त्यावर-खाली पेन्स वाढवले-घटवले जातात. प्रतिकिलो दहा पेन्सचा फरक वरील धडावर पस्तीस पौंडांचा होतो, आणि कित्येक वर्षी एका जनावरामागे फिनिशरच्या हाती उरणारी रक्कम याच्या जवळपासच असते. प्रत ठरते तेव्हा जनावर जिवंत नसते, शेतकरी तेथे उभा नसतो, आणि काही ठिकाणी तर निर्णय माणसाऐवजी कॅमेऱ्याने घेतलेला असतो. ज्या हाताने शेपटीच्या मुळाशी चाचपून 'तयार' म्हटले, त्या हाताला आपला निकाल दुसऱ्या दिवशी एका छापील ओळीत वाचायला मिळतो.

थेट विक्रीत दिवस कत्तलखाना देतो. १९९० च्या दशकातील स्वच्छता व पशुवैद्यकीय देखरेखीच्या वाढत्या खर्चाखाली लहान कत्तलखाने एकामागून एक बंद पडले, आणि आज अनेक फिनिशरांना जवळपास दोन-तीनच खरेदीदार उरले आहेत. शरद ऋतूत कुरणावरची जनावरे सर्वत्र एकाच सुमारास तयार होतात, आवक वाढते, आणि 'पुढच्या सोमवारी' म्हणून मागितलेली जागा तीन आठवड्यांनी मिळते. त्या तीन आठवड्यांत चौथ्या वर्गातील हलकी चरबी जड होते, धड खरेदीदाराच्या वजनमर्यादेपलीकडे जाते, किंवा जनावर तीस महिन्यांचे होते. वास्तविक तीस महिन्यांची सरसकट मनाई नोव्हेंबर २००५ मध्ये उठली आणि तिच्या जागी तपासणी आली. तरीही त्या वयानंतर पाठीचा कणा धोक्याचा भाग म्हणून काढून टाकावा लागत असल्याने कत्तलखान्यांनी अशा जनावरांचा भाव कमीच ठेवला, आणि कायद्यातून गेलेली तारीख दरपत्रकात राहून गेली. ती ओलांडण्याच्या भीतीने पूर्ण न भरलेले जनावर आधीच पाठवणे किंवा हळू वाढणाऱ्या जुन्या जातींऐवजी लवकर भरणाऱ्या जाती निवडणे, हे निर्णय आजही तिच्याच छायेत घेतले जातात.

निघण्याच्या आदल्या दिवसांचे काम बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. नोव्हेंबर १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या लॅनार्कशर भागात दूषित मांसातून 'ई. कोलाय ओ-१५७' या जिवाणूची मोठी साथ आली, तिच्यात अनेक वृद्धांचा बळी गेला, आणि प्रा. ह्यू पेनिंग्टन यांच्या चौकशीनंतर शेणाने माखलेली जनावरे कत्तलीस न घेण्याचे धोरण कडक झाले. जिवाणू शेणातून कातडीवर आणि कातडीवरून मांसावर येतो, हे कारण निर्विवाद आहे, आणि कोणत्याही प्रामाणिक शेतकऱ्याने त्याविरुद्ध कधी युक्तिवाद केला नाही. परंतु ओल्या हिवाळ्यात, पातळ शेण करवणाऱ्या मुरघासावर पोसलेल्या, चार महिने गोठ्यात असलेल्या जनावराचे पोट आणि मांड्या कोरड्या ठेवणे म्हणजे रोज गाडीभर पेंढा अंथरणे. शेवटच्या एक-दोन दिवसांत ओला चारा कमी करून सुका पेंढा घालतात, आणि तरीही केसांना शेणाचे गोळे चिकटले असतील तर खोड्यात वाकून, मागच्या पायांच्या टप्प्यात हात घालून, विजेच्या यंत्राने पोटाचे केस कापावे लागतात. शेतावर जे काम सर्वांत जास्त टाळावेसे वाटते, ते हेच.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, जी कोणत्याही नियमात नीट उतरलेली नाही. घाबरलेल्या, अनोळखी जनावरांशी झुंजलेल्या किंवा दमलेल्या जनावराच्या स्नायूतील साखरेचा साठा संपतो, कत्तलीनंतर मांसात पुरेशी आम्लता येत नाही, आणि ते काळपट, चिकट व लवकर खराब होणारे निघते. अशा धडाचा भाव मोठ्या प्रमाणात कापला जातो. म्हणून जाणता फिनिशर एकत्र वाढलेलीच जनावरे एका गाडीत भरतो, कुत्रा आवरून धरतो, चढणीवर पेंढा पसरतो आणि आवाज न करता त्यांना आपल्या चालीने वर जाऊ देतो. यात अर्थकारण आहे हे खरे, पण ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांना ते निव्वळ अर्थकारण वाटत नाही. दीड-दोनशे दिवस ज्याला हाताने खाद्य घातले त्याला शेवटच्या तासात भिववायचे नाही, एवढी बांधिलकी त्या शांततेत असते, आणि ती बोलून दाखवण्याची तेथील शेतकऱ्यांची रीत नाही.

रोगनियंत्रणाच्या नियमांपैकी ज्याने धंद्याची रचनाच बदलली तो क्षयरोगाविषयीचा आहे. इंग्लंडचा नैर्ऋत्य भाग आणि त्याला लागून वर जाणारा पश्चिमेचा पट्टा येथे गुरांच्या क्षयाचा प्रादुर्भाव सर्वाधिक आहे, आणि बिज्जूवर्गीय 'बॅजर' या वन्य प्राण्याचा त्यातील वाटा किती, यावर दशकानुदशके वाद चालू आहे. २०१३ पासून काही भागांत बॅजर मारण्याचे परवानेही दिले गेले. तपासणीची पद्धत जुनी आहे. पशुवैद्य मानेवर दोन ठिकाणी केस कापून, वरच्या जागी पक्ष्यांच्या व खालच्या जागी गुरांच्या क्षयजंतूंपासून बनवलेले द्रव्य कातडीत टोचतो, आणि बहात्तर तासांनी परत येऊन दोन्ही गाठींची जाडी मोजतो. नेहमीच्या निकषानुसार खालची गाठ वरच्या गाठीहून चार मिलिमीटरपेक्षा अधिक वाढलेली असेल तर जनावर बाधित ठरते, सक्तीने मारले जाते, आणि कळपावर हालचालबंदी येते. ती उठण्यासाठी साधारण साठ दिवसांच्या अंतराने दोन निर्दोष तपासण्या लागतात.

त्या बहात्तर तासांचा अनुभव या व्यवसायातील लोक ज्या रीतीने सांगतात त्यात विलक्षण साम्य आढळते. पहिल्या दिवशी काम असते, दुसऱ्या दिवशी काहीच नसते, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस गोठ्यात जाऊन जनावरांच्या माना नुसत्या नजरेने पाहतो, हात लावत नाही. पशुवैद्य मोजपट्टी लावून आकडे सांगतो आणि कोणीतरी ते लिहून घेतो, तेव्हा आकड्यांमधल्या विरामाची लांबीच आधी काय ते सांगून जाते. इंग्लंडमध्ये भरपाई त्या प्रकारच्या जनावराच्या सरासरी बाजारभावाच्या कोष्टकाप्रमाणे मिळते, म्हणून सरासरीहून चांगले जनावर पोसणाऱ्याचे नुकसान सर्वांत जास्त होते. बंदीतील कळपातून तयार जनावरे परवान्याने कत्तलीला जाऊ शकतात, त्यामुळे फिनिशरचा गोठा रिकामा होऊ शकतो, पण नवी स्टोअर जनावरे आणण्यावर बंधने येतात आणि रिकामा गोठा भरता येत नाही. स्टोअर विकणाऱ्याची अडचण याच्या उलट असते, त्याला जनावरे बाहेर काढता येत नाहीत आणि चारा संपत जातो. रोग एकच, पण एकाचा गोठा ओस पडतो आणि दुसऱ्याचा तुंबतो.

निर्बंध नसलेल्या भागातही ही घड्याळे चालूच असतात. अधिक जोखमीच्या प्रदेशातील बेचाळीस दिवसांवरचे जनावर दुसऱ्या शेतावर नेण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत निर्दोष तपासणी झालेली असावी लागते. थेट कत्तलीला मात्र ही अट नाही. कमी जोखमीच्या प्रदेशात असे जनावर आणले तर २०१६ पासून तेथे पोचल्यावर साठ ते एकशे वीस दिवसांच्या दरम्यान पुन्हा तपासणी करावी लागते, पण एकशे वीस दिवसांच्या आत ते कत्तलीला गेले तर नाही. या सवलतीचा परिणाम सहज दिसतो: खरेदी करतानाच फिनिशर विचारतो की हे जनावर चार महिन्यांत तयार होईल का, आणि ज्याला पाच लागतील असे हाताला वाटते ते जनावर चांगले असूनही बाजारात मागे राहते. दर्जाहमीच्या 'रेड ट्रॅक्टर' या २००० साली सुरू झालेल्या खूणचिठ्ठीसाठी शेवटचे नव्वद दिवस जनावर हमीप्राप्त शेतावर असावे लागते. म्हणजे नव्वदांच्या अलीकडे भाव कमी आणि एकशे विसांच्या पलीकडे तपासणी, आणि मधल्या तीस दिवसांत चरबीचा थर यायला हवा. हे गणित ज्याने एकदा केले आहे त्याला नियम आणि निसर्ग यांच्यातील अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२००१ च्या लाळ्या-खुरकूत साथीचा वारसाही असाच आहे. २० फेब्रुवारीला रोग निश्चित झाला तोवर मेंढ्यांच्या बाजारांतून तो देशभर पसरला होता. दोन हजारांहून अधिक शेतांवर तो आढळला, साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली, आणि कंब्रियातील चितांचे फोटो त्या पिढीच्या स्मरणातून गेलेले नाहीत. त्यातून आलेला स्थिरतेचा नियम असा की शेतावर नवे जनावर आले की तेथून इतर जनावरांची हालचाल, थेट कत्तलीचा अपवाद वगळता, सहा दिवस थांबते. प्रारंभी हे दिवस वीस होते. ज्यांनी त्या वर्षी शेजाऱ्याचे कळप जळताना पाहिले, ते या नियमाबद्दल फारशी कुरकुर करत नाहीत, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

औषधांच्या नोंदी, शेण-मूत्र साठवण्याच्या अटी आणि नायट्रेटपासून जपायच्या क्षेत्रांत हेक्टरी १७० किलो नत्राची मर्यादा यांचा येथे केवळ उल्लेख पुरे. यांपैकी औषधवर्ज्य कालावधी, म्हणजे शेवटची मात्रा दिल्यानंतर कत्तलीपर्यंत जाऊ द्यायचे दिवस, विक्रीच्या तारखेला थेट भिडतो: गाडी ठरल्यावर एखादे जनावर लंगडू लागले तर त्याला औषध द्यावे आणि जागा सोडावी, हेच योग्य आहे, आणि बहुसंख्य शेतकरी तेच करतात, जरी त्या निर्णयाची किंमत त्यांना पूर्ण ठाऊक असते.

नियमांचा हा इतिहास एकत्र पाहिला तर त्यांतील प्रत्येकाच्या मागे खरी हानी, बहुतेकांच्या मागे माणसांचे किंवा जनावरांचे मृत्यू आहेत, आणि म्हणून एकेक नियम घेऊन त्याला विरोध करणे अवघड होते. अडचण त्यांच्या एकत्र येण्यात आहे. हे नियम वेगवेगळ्या दुर्घटनांनंतर वेगवेगळ्या कार्यालयांनी लिहिले. प्रत्येकाने आपापला कालावधी स्वतंत्रपणे ठरवला, आणि ते सर्व एकाच जनावराच्या शेवटच्या शंभर-सव्वाशे दिवसांत एकमेकांवर येऊन पडतील याचा विचार कोणाच्याच कामाचा भाग नव्हता. तो विचार फिनिशर करतो, बहुधा रात्री, स्वयंपाकघरातील टेबलावर पासपोर्टचा गठ्ठा पसरून, आणि त्या तासांची मजुरी कोणत्याही दरात धरलेली नसते. जोखीम समाजाची आहे, तर तिच्या नियोजनाचा खर्च साखळीतील सर्वांत शेवटच्या आणि भाव ठरवण्याची सर्वांत कमी ताकद असलेल्या उत्पादकावर पूर्णपणे पडावा हे न्याय्य नाही. निदान कत्तलीची जागा तयार जनावराच्या मालकाला ठरलेल्या दिवशी मिळण्याची हमी खरेदीदाराने लेखी द्यावी, एवढी मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

अनेक फिनिशर गाडी येण्यापूर्वी शेवटचा हात फिरवताना एका छोट्या वहीत प्रत्येक जनावराच्या बिल्ल्याचे शेवटचे पाच अंक लिहितात आणि त्यापुढे आपला अंदाज: प्रत कोणती, चरबीचा वर्ग कोणता, धडाचे वजन किती. दोन दिवसांनी कत्तलखान्याचा तक्ता येतो, त्याच क्रमांकांपुढे निकाल छापलेला असतो, आणि दोन रकाने शेजारी ठेवून तपासले जातात. जेथे हाताने हलके म्हटले आणि तक्त्याने जड, तेथे पुढच्या लॉटला शेपटीच्या मुळाशी बोट थोडे आधी थांबवायचे असते. जेथे यकृत रोगट म्हणून टाकले गेले, तेथे जनावर कोणत्या ओलसर कुरणावरून आले होते हे पासपोर्टवरून शोधायचे असते. आणि जेथे एखादे अनपेक्षित चांगले उतरले, तेथे त्याच पासपोर्टवर ज्या शेतावर ते जन्मले त्याची नोंद असते, म्हणून शरदातील स्टोअर बाजारात त्या कळपाची वासरे रिंगणात येण्याआधीच मागे जाऊन पाहायची असतात.